एका वाटेचे पाच रस्ते

“यातला नेमका कुठला?” बापूसाहेबांनी माझ्या दाव्याची प्रत डोळ्यांसमोर धरून विचारलं आणि तहसीलदार मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“कुठला म्हणजे?” मी म्हटलं.

“पान एक. ‘अर्जदार सदर रस्त्याने ये-जा करतात.’ त्याच पानावर खाली, ‘जाबदेणार यांनी सदर वाट नांगरून टाकली.’ पान दोन, ‘ही पाणंद पूर्वापार आहे.’ पुढं, ‘मार्ग बंद झाल्यामुळे अतोनात हाल.’ आणि शेवटी मागणीत, ‘बोळ खुला करून मिळावा.’ मॅडम, माझ्या अशिलाचं रान सगळं मिळून दीड एकर. त्यातून वकीलबाईंना पाच रस्ते हवेत. ऊस लावायला कुठं जागा ठेवणार तेवढं विचारा त्यांना.”

तहसील कचेरीतलं ते दालन लहान आहे, पण हसू मोठं झालं. दारातला शिपाईसुद्धा हसला. मीही हसले असते, पण दावा मीच लिहिला होता.

मी बावीस वर्षं कोल्हापुरात वकिली करते. खून, दरोडे माझ्याकडे येत नाहीत. माझ्याकडे येतात ते बांध, विहिरी, वाटण्या आणि शेतावर जायचे रस्ते. हे काम दिसतं किरकोळ, पण खुनाच्या खटल्यात निदान एक बाजू गप्प असते. बांधाच्या खटल्यात दोन्ही बाजू रोज सकाळी एकमेकांसमोर वैरण कापत असतात.

आता पाच शब्दांचं. माझं शाळेपर्यंतचं शिक्षण गडहिंग्लजला झालं. तिथे आम्हाला मराठीला ज्या बाई होत्या त्यांनी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली होती. एकच शब्द एका परिच्छेदात दोनदा आला की बाई त्याखाली लाल रेघ मारायच्या आणि अर्धा मार्क कापायच्या. मी पाचवीपासून दहावीपर्यंत निबंधात पहिली. ‘समानार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न मी कधी ऑप्शनला टाकला नाही. वकील झाल्यावर माझे दावे वाचून सिनियर म्हणायचे, वाचायला बरं वाटतं. त्या कौतुकाने मी बरीच वर्षं फुगून होते.

तर हौसाक्का. कळंबा तलावाच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर एक गाव आहे. हौसाक्का तिथे गावाबाहेर, स्वतःच्या रानात घर बांधून राहते. वय साठीच्या आसपास. नवरा गुडघ्यांनी घरात बसलेला, मुलगा कबनूरला पॉवरलूमवर कामाला. घरी तीन म्हशी. सकाळ-संध्याकाळ दूध काढायचं, किटली डोक्यावर घ्यायची आणि गावातल्या दूध संस्थेत नेऊन घालायचं. दर ठरतो तो संस्थेतल्या मशीनवर दुधाला किती फॅट लागते त्यावर. संस्थेचं सकाळचं संकलन आठला बंद. तिच्या घरापासून गावापर्यंत मधे एकच रान लागतं, तिच्या चुलत दिराचं. दत्तू तात्या त्याचं नाव. त्या रानातून ती लग्न होऊन आल्यापासून जात होती.

पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधीच ती सुरू झाली.

“बाई, दत्तूनं वाट मोडली ओ. समदी नांगरून टाकली. वर ऊस लावला. आता मी किटली घिऊन वड्याच्या पान्यातनं जायाचं व्हय? वड्यातनं गेलो की पाऊण तास जादा. संस्था बंद. दूध माघारी.”

आमच्याकडच्या बायका ‘गेलो’, ‘जातो’ असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला वेगळं काही वाटत नाही.

“का नांगरली पण? चाळीस वर्षं काही बोलला नाही ना?”

“गावात दोन संस्था हाईत. दत्तू एकीत संचालक हाय. मी दिवाळीपासनं दुसऱ्या संस्थेत दूध घालतोय.”

एवढं पुरेसं होतं. ज्यांना कोल्हापूर जिल्ह्यातलं दुधाचं राजकारण माहीत नाही त्यांना इतकंच सांगते, की इथे माणूस एक वेळ पक्ष बदलतो, संस्था बदलायला जास्त धाडस लागतं.

शेतावर जायचा नेहमीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. मोठ्या कोर्टासारखी वर्षानुवर्षं थांबायची गरज नाही. तहसीलदार साक्षी घेतात, हवं तर जागा बघतात आणि अडथळा काढायचा हुकूम देतात. रस्ता नकाशात असलाच पाहिजे असंही नाही. ‘वहिवाट’ दाखवली की झालं.

आणि इथेच खरी मेख आहे. वहिवाट हा आमच्या धंद्यातला रोजच्या मीठ-भाकरीचा शब्द. लोक त्याच्यासाठी ताबा म्हणतात, कब्जा म्हणतात, भोगवटा म्हणतात. आणि सगळं एकच समजतात. पण ताबा म्हणजे वस्तू तुमच्या हातात असणं. कब्जाही तोच, फक्त त्याला थोडा दांडगाईचा वास येतो. भोगवटा हा महसूल खात्याच्या दप्तरातला शब्द, बाहेर फारसा फिरत नाही. वहिवाट म्हणजे वापर. पण कशाचा वापर? रान कसता, तीही वहिवाट. दुसऱ्याच्या रानातून नुसते चालत जाता, तीही वहिवाट. शब्द एक, कामं दोन. वकिलाला हे ठाऊक असतं. शेतकऱ्यासाठी मात्र वहिवाट म्हणजे रान कसणं, दुसरं काही नाही. हे मलाही ठाऊक होतं, पण दावा लिहिताना मी निबंध लिहीत होते.

चार पानांचा दावा झाला. प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द. एकदाही पुनरुक्ती नाही. आमच्या बाईंनी पैकीच्या पैकी दिले असते.

दत्तू तात्याने बापूसाहेबांना वकील दिलं. बापूसाहेब आमच्या बारमधले ज्येष्ठ. सत्तरी ओलांडली आहे, आवाज अजून खणखणीत. त्यांनी तात्याचं म्हणणं एका पानात दिलं. ‘असा कोणताही रस्ता अस्तित्वात नाही व कधीही नव्हता.’ तात्याने खाली सही केली. ती न वाचता केली होती हे मला नंतर कळलं.

पहिल्या तारखेला बापूसाहेबांनी पाच रस्त्यांवरून हशा मिळवला तो वर सांगितलाच. मी उत्तर दिलं, “मॅडम, हे सगळे समानार्थी शब्द आहेत. अर्थ एकच.”

“असं?” बापूसाहेब म्हणाले. “मग साक्षीदारालाच विचारू की.”

हौसाक्का साक्षीला उभी राहिली. तिचा उलटतपास सुरू झाला. उलटतपास म्हणजे समोरच्या वकिलाने आपल्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं. तो चालू असताना आपण मधे बोलायचं नसतं. नुसतं बघत बसायचं. दत्तू तात्या त्या दिवशी आलाच नव्हता, संस्थेची मीटिंग होती म्हणे.

बापूसाहेबांनी अगदी मायेने सुरुवात केली.

“आक्का, तुमच्या घराकडं जायला दत्तू तात्यांच्या रानातून रस्ता आहे का?”

“रस्ता?” हौसाक्का हसली. “रस्ता कुठला आलाय ओ सायेब? रस्ता असता तर एवढं हाल झालं असतं व्हय? डांबर घाला, निदान मुरूम तरी टाका म्हनून सरपंचाकडं जाऊन जाऊन चप्पल झिजली. रस्ता न्हाय.”

“लिहा,” मॅडम कारकुनाला म्हणाल्या, “रस्ता नाही.”

“बरं. पाणंद आहे का?”

“पाणंद हाय की.”

मी जरा सावरून बसले.

“पर ती तिकडं, मळ्याच्या अंगाला. गाड्या जात्यात ती. ती आमच्या काय कामाची न्हवं.”

“बोळ?”

“बोळ गावात असतंय सायेब, दोन घरांच्या मधी. रानात कुठलं बोळ?”

“मार्ग तरी?”

हौसाक्काने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“मार्ग कीर्तनात असतोय की,” ती म्हणाली. “भक्तीचा मार्ग.”

दालन पुन्हा हसलं. बापूसाहेब हसले नाहीत. शेवटचा प्रश्न त्यांनी आवाज खाली आणून विचारला.

“आणि आक्का, दत्तू तात्यांच्या रानात तुमची वहिवाट आहे का?”

हौसाक्का ताठ झाली. तिला राग आला होता.

“आमची वहिवाट? त्येच्या रानात? देवाशपथ न्हाय. दुसऱ्याच्या रानातली वैरणीची पेंडी बी आमी कवा उचलली न्हाय. आमची वहिवाट आमच्या रानात. चोर समजलासा काय आमाला?”

“नाही नाही आक्का. तुम्ही प्रामाणिक आहात, ते मला माहीत आहे. मॅडम, माझे प्रश्न संपले.”

कारकुनाने लिहिलं: रस्ता नाही. पाणंद दुसरीकडे. बोळ नाही. मार्ग नाही. वहिवाट नाही. बापूसाहेबांनी माझे चार शब्द एकेक करून विचारले आणि पाचवा, ‘वाट’, सोडून दिला. तो विचारला असता तर हौसाक्काने तिथल्या तिथे होय म्हटलं असतं. काय विचारायचं ते सगळ्यांना कळतं. काय विचारायचं नाही ते कळायला पन्नास वर्षं लागतात.

आता माझी पाळी. याला फेरतपास म्हणतात. उलटतपासात जे विस्कटलं ते जमेल तेवढं नीट करायची ही शेवटची संधी.

“आक्का, दूध घालायला तुम्ही कुठून जाता?”

“वाटंनं.”

“कुठल्या वाटेनं?”

“दत्तूनं मोडली ती.”

तहसीलदार मॅडम मूळच्या अमरावतीकडच्या. कोल्हापुरात येऊन सहाच महिने झाले होते. त्यांनी हात वर केला.

“एक मिनिट. वाट मोडली म्हणजे? वाट कशी मोडेल?”

“नांगर घालून,” हौसाक्का म्हणाली.

“आमच्याकडे पांदण म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “पांदण दोन शेतांच्या मधून जाते. ही मधून जाते की शेताच्या आतून?”

“आतनं.”

“मग ती पांदण नाही. इथली पाणंदही नाही. वकीलबाई, तुमच्या दाव्यात आहे एक, साक्षीदार सांगतात दुसरं आणि माझ्या डोक्यात तिसरंच आहे. गुरुवारी सकाळी दहाला मी स्वतः जागेवर येते. दोन्ही बाजूंनी हजर राहायचं.”

वाटेच्या दाव्यात वकिलाचीच वाट लागली, असं त्या दिवशी बाररूममध्ये तीन जणांनी तरी मला ऐकवलं. तीनही जणांना वाटत होतं की हा विनोद फक्त त्यांनाच सुचला आहे.

बाहेर आल्यावर हौसाक्का पायरीवर बसली होती.

“चुकलं का ओ बाई माझं?”

मला तेव्हा खरंच लाज वाटली. “नाही आक्का. तुमचा एक शब्दसुद्धा चुकला नाही. माझे चुकले.”

“वाट न्हाय मिळाली तर म्हशी इकाव्या लागतील. मग काय करायचं? पोराकडं जाऊन कबनूरला बसायचं. तिकडं रातध्याड लूमचा खडखडाट. एकमेकाचं बोललेलं ऐकू येत न्हाय. मला म्हशींबिगर करमत न्हाय बाई.”

ती रडली वगैरे नाही. पदराने तोंड पुसलं, कळंब्याकडे जाणारी वडापची जीप कुठून मिळते ते विचारलं आणि निघून गेली.

ऑफिसात येऊन मी जुनी वही काढली. अशील पहिल्यांदा येतो तेव्हा तो बोलेल तसं मी वहीत टिपून घेते. हौसाक्काचं पान उघडलं आणि पेन्सिलने मोजलं. वाट, वाट, वाट. अकरा वेळा वाट. रस्ता एकदाही नाही. वहिवाट तर कुठेच नाही. बाईने मला तिच्या तोंडाने अकरा वेळा सांगितलं होतं आणि मी ते खाली बघून लिहूनही घेतलं होतं. मग दावा लिहायला बसले तेव्हा शाळेतल्या लाल रेघेला घाबरले.

मी दुरुस्ती अर्ज तयार केला. ‘दाव्यात जेथे रस्ता, पाणंद, मार्ग व बोळ असे शब्द आले आहेत तेथे वाट असे वाचावे.’ वकिलीतला हा सर्वांत खजील करणारा अर्ज. त्याचा अर्थ एवढाच होतो की मी आधी जे लिहिलं ते माझं मलाच कळलं नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता आम्ही सगळे त्या रानाच्या कडेला उभे होतो. तहसीलदार मॅडम, गावचे तलाठी, गावातले दोन पंच, बापूसाहेब, मी, हौसाक्का. आणि दत्तू तात्या. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. उंच, पांढरी टोपी, मिशा पिळलेल्या. माणूस दांडगा असेल असं मला वाटलं होतं, पण त्याने आल्या आल्या सगळ्यांना चहाचं विचारलं, मलासुद्धा.

“या पावणं, या. बाई, तुमी बी या. भांडान कागदावर, च्या भांड्यात.”

मी दुरुस्ती अर्ज मॅडमच्या हातात दिला. बापूसाहेबांनी लगेच हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, “ठेवा तो. आधी मला जागा बघू द्या.”

जागा बघायला काही नव्हतंच. गुडघाभर ऊस, सरळ सऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका अंगाला आंबा, दुसऱ्या अंगाला हौसाक्काची विहीर. मधे वाटेची एक खूणसुद्धा शिल्लक नव्हती. नांगर खोल घातला होता. मॅडम आंब्यापाशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी खांदे उडवले आणि तलाठ्यांना म्हणाल्या, “पंचनामा लिहा. दिसतं तसं लिहा.”

हौसाक्का माझ्या मागे उभी होती. मागे वळून बघायचं धैर्य मला झालं नाही.

तलाठी भाऊसाहेब टापटिपीचे गृहस्थ. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून ते लिहीत होते आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचत होते, पंचांना ऐकू जावं म्हणून.

“अर्जदार यांनी त्यांच्या दाव्यात जाबदेणार यांच्या गटातून, एक रस्ता, एक वाट, एक पाणंद, एक मार्ग व एक बोळ, असे एकूण पाच…”

“थांबा थांबा,” दत्तू तात्या पुढे आला. “किती म्हनला?”

“पाच.”

“कुठं?”

“तुमच्या गटात तात्या. दाव्यात आहे तसं लिहितोय मी.”

तात्याने बापूसाहेबांकडे बघितलं. “बापूसाहेब, ह्यो काय परकार हाय?”

“तात्या, गप्प बसा. ते आपल्या फायद्याचं आहे.”

“फायद्याचं? माझ्या दीड एकरात पाच वाटा सरकारी कागदावर चढवायच्या आन् फायद्याचं?” तात्याचा आवाज चढला. दत्तू तात्यासारख्या माणसांना बोलणं फिरवता येतं, पण कागदावर एकदा शिक्का पडला की तो पिढ्यान् पिढ्या पुसला जात नाही हे त्यांच्या रक्तात भिनलेलं असतं. “उद्या माझा नातू कागद काढील आन् म्हनंल, आज्जा काय शुद्धीवर हुता का न्हाय! पाच वाटा सोडून दिल्या म्हनं!”

“अहो, लिहायचं ते मागणी म्हणून. त्या नाहीत असं आपलं म्हणणं…”

पण तात्या आता बापूसाहेबांचं ऐकत नव्हता. तो थेट मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

“मॅडम, ह्या बाई खोटं लिवत्यात. पाच न्हाईत. एक हाय. एकच! आमच्या आज्ज्याच्या काळापासनं एकच हाय ती. ह्या आंब्यापासनं त्या हिरीपतूर. ती बी गाडीची न्हवं, डोस्क्यावर भारा घिऊन माणूस जाईल एवढी. मीच नांगरलीया ती. किती हुत्या ते मला ठावं न्हाय व्हय?”

भाऊसाहेबांचं पेन हवेत राहिलं. बापूसाहेब हळूच बांधावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“रुंदी किती म्हणालात?” मॅडमनी अगदी सहज विचारलं.

“एवढी.” तात्याने दोन्ही हात पसरले. “तीन फूट. लई झाली तर साडेतीन.”

“चालून दाखवता?”

आणि तात्या चालला. आंब्यापासून निघाला तो उसातून सरळ विहिरीच्या दिशेने. पायाखाली बघतही नव्हता. मधे एका ठिकाणी सरळ रेघ सोडून तो डावीकडे वळला आणि पुन्हा सरळ झाला.

“तिथं का वळलात?” मॅडमनी ओरडून विचारलं.

“धोंड हुती हितं,” तो तिकडून ओरडला. “गेल्या उन्हाळ्यात काढली.”

दगड काढला होता, वाट मोडली होती, वर ऊस लावला होता. पण त्याच्या पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. भाऊसाहेबांनी मागून टेप धरून माप घेतलं. दोन्ही पंचांनी माना डोलावल्या. त्यातला एक पंच तात्याच्याच संस्थेचा होता.

तात्या परत आला तेव्हा घामाघूम झाला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. चार वाटांची जागा वाचवल्याचं.

“लिवा आता,” तो भाऊसाहेबांना म्हणाला. “एक.”

मग मागून हौसाक्का बोलली, त्या दिवसातलं पहिलंच.

“दत्तू, मग मोडलीस कशाला रं?”

आपण काय बोलून बसलो ते तात्याला तेव्हा कळलं. तो बापूसाहेबांकडे बघायला लागला. बापूसाहेब आंब्याचा मोहोर बघत होते.

“तू दूध तिकडं घातलंस कशाला वैनी?” तो शेवटी म्हणाला.

“तुमच्या संस्थेतलं मशीन माझ्या म्हशीला फॅटच लागू देत न्हाय!”

“मशीनला काय झालंय? तुझी म्हसच पानी जास्त पित्या!”

“हे पंचनाम्यात घेऊ नका,” मॅडम भाऊसाहेबांना म्हणाल्या.

तिथेच बांधावर त्यांनी माझा दुरुस्ती अर्ज मंजूर केला. बापूसाहेबांनी हरकत मागे घेतली. आता घेण्यासारखी उरलीच नव्हती. जाताना ते माझ्या गाडीपाशी थांबले.

“मी पाच खोट्या पाडायला निघालो होतो,” ते म्हणाले. “पठ्ठ्याने एक खरी काढून दिली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.”

“माझ्या चुकीमुळे झालं बापूसाहेब.”

“तेच तर झोंबतंय. तुम्ही नीट लिहिलं असतं ना, तर मी जिंकलो असतो.”

हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ते अजून ठरवता आलेलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पान दीड. मॅडमनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच शब्द वापरला होता. वाट. नऊ वेळा. वहिवाट हा शब्द जिथे आला तिथे लगेच पुढे खुलासा, ‘म्हणजे ये-जा करण्यासाठी पूर्वीपासूनचा वापर, जमीन कसणे नव्हे.’ मी ते वाचून मान खाली घातली. आमच्या शाळेतल्या बाईंनी त्या निकालाला काठावर पास केलं असतं.

हौसाक्का निकालाची प्रत घ्यायला आली. मी तिला सगळा वाचून दाखवला. तिने मान हलवत शेवटपर्यंत ऐकला.

“म्हंजी वाट हाय.”

“आहे आक्का.”

“मग मला आदी इचारलं असतंसा तर सांगितलं असतं की. ह्येच्यासाठी मॅडमना उनाचं आनायचं व्हय?”

तिने विचारलं ते अगदी बरोबर होतं आणि बावीस वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं.

दत्तू तात्याने दोन सऱ्यांचा ऊस स्वतःच काढला. काढताना म्हणे जिथे धोंड होती तिथे वळण ठेवलं, सरळ केलं नाही. हौसाक्का आता आठच्या आत संस्थेत पोचते. दूध अजून दुसऱ्याच संस्थेत घालते. तात्या सकाळी रानात असतो, ती किटली घेऊन समोरून जाते आणि दोघं एकमेकांशी फॅटवरून भांडतात. माझ्या धंद्यात याला समेट म्हणतात.

तेव्हापासून माझे दावे वाचायला कंटाळवाणे झालेत. एका दावेपत्रात मी ‘विहीर’ हा शब्द एकतीस वेळा लिहिला. कूप नाही, हीर नाही, बाव नाही. लिहिताना हात अजून अडखळतो, लाल रेघ दिसते, पण मी पुढे जाते. आणि नवा अशील आला की खुर्चीवर बसल्या बसल्या त्याला एकच प्रश्न विचारते. तुम्ही त्याला काय म्हणता?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक उंच माणूस ऑफिसच्या दारात आला. पांढरी टोपी, पिळलेल्या मिशा. मी त्याला ओळखलं.

“तात्या? इकडं कसे?”

“वरच्या अंगाला शेजारी हाय एक. त्यो रेटायलाय. तुमच्याकडंच यायचं ठरिवलं.”

“बापूसाहेब?”

“त्येंनी न्हाय म्हनलं. तुज्याबरुबर जागंवर पुन्हा येनार न्हाय म्हनलं.”

मी वही उघडली, पेन घेतलं आणि विचारलं, “शेजारी नेमकं काय रेटतोय? तुम्ही त्याला काय म्हणता?”

तात्याने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि माझ्या पेनावर नजर रोखली.

“बांध,” तो म्हणाला. “आन् बाई, नुसतं बांधच लिवा.”